मालकाच्या मुलाचे शिक्षण



आजच्या विषयाची पाटी वाचून आमच्या युनियनमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला वाटेत अडवले. म्हणाला, "भाऊ, मालकाची पोरं कशी वाढवायची हे तुम्ही कशाला सांगताय? त्यांचं ते बघून घेतील." शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि अशा व्याख्यानमालांच्या शेवटच्या रांगेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या झाडाच्या फांद्या गावोगाव पसरल्या आणि लेथवर उभ्या राहणाऱ्या आमच्यासारख्यालाही सावली मिळाली. हेच आमचे विद्यापीठ.

तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारखानदाराचे पोर बिघडले तर त्याच्या एका घराचे दुःख होते. पण त्या कारखान्यावर जगणाऱ्या शेदीडशे घरांच्या चुली विझतात. ज्याचे फळ आम्हांला भोगावे लागते, त्याविषयी बोलण्याचा अधिकारही आम्हांला आहे.

लोक म्हणतात, पहिली पिढी मिळवते, दुसरी सांभाळते आणि तिसरी घालवते. हे सगळे जणू दैवाच्या हाती आहे, अशा सुरात म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. ह्याला कारण आहे, आणि ते अगदी साधे आहे. पहिल्या पिढीला सारे जग 'नाही' म्हणत असते. पुढच्या पिढीला 'नाही' म्हणणारे कोणी उरत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकवीत होते. बढतीचा हक्क त्यांचा होता. ती दुसऱ्यालाच दिली गेली. हे पहिले 'नाही'. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी त्यांना हात लावीनात. हे दुसरे. पुढे कारखान्याची जागाच नगरपालिकेच्या विस्तारात गेली. हे तिसरे. तेव्हा कुठे औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी अमेरिकेत यंत्रविद्या शिकायला पाठविले आणि १९२६ साली परत आल्यावर माळावरच्या त्याच कारखान्यात कामाला लावले. शंतनुरावांनी पुढे १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, तो काही नुसत्या वारशाच्या जोरावर नव्हे. ह्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचा आपसांतला वाद २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने मध्यस्थीची वाट सुचविली. त्यात कोण खरे, हे ठरविणे आमचे काम नव्हे. एवढेच दिसते की केवढ्याही मोठ्या घराण्यात हा धडा एकदा शिकून संपत नाही. दर पिढीला तो पहिल्यापासून गिरवावा लागतो.

आता आमच्या अनुभवातली गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. आमच्या ह्याच पट्ट्यात एका गृहस्थाने जुनापुराणा एक लेथ घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केले. पुढे दीडशे माणसे झाली. आम्ही त्यांतले एक. मालक प्रत्येकाला नावाने हाक मारीत. आमच्याशी कडाकडा भांडत. एकदा तर पगारवाढीचा करार तेलाच्या पिंपावर कागद ठेवून झाला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की आवारात क्रिकेट चाले. मालकांचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. सगळे त्याला 'छोटे साहेब' म्हणत. तो एकाच षटकात तीनदा त्रिफळाचीत झाला आणि तिन्ही वेळा पंचाने 'नो-बॉल' पुकारला. पोरगे खूश, मालक खूश, फोरमन टाळ्या वाजवतोय. तो पंच म्हणजे आम्ही.

पुढे मुलगा परदेशी शिकून आला आणि कारभार त्याच्या हाती गेला. आम्ही तोपर्यंत युनियनच्या कामात पडलो होतो. कराराच्या पहिल्याच बैठकीत त्याने एक कलम वाचले. आम्ही म्हटले, "साहेब, हे कामगारांना मान्य होणार नाही." तो आमच्याकडे बघतच राहिला. रागाने नव्हे, आश्चर्याने! मग कागद गोळा करून उठून गेला. तिसऱ्या आठवड्यात फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली. कारखाना अकरा आठवडे बंद राहिला. कुणाचे मंगळसूत्र गहाण पडले, कुणाच्या मुलीचे कॉलेज सुटले. ज्यांच्यासाठी माल बनत होता त्यांनी दुसरा पुरवठादार धरला. कुलूप निघाले तेव्हा दीडशेंपैकी निम्म्यांनाच काम उरले होते.

त्या दिवसांत एका संध्याकाळी म्हातारे मालक पिंपळे गुरवला आमच्या खोलीवर आले. चहा घेतला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, पोराला सगळं दिलं. एक 'नाही' तेवढं द्यायचं राहिलं."

आम्ही त्यांना काय सांगणार? आमच्या डोळ्यांपुढे ते तीन नो-बॉल उभे होते. धन्याच्या पोराला लाडावण्यात आम्हा चाकरांचाही हात असतो. खुशामत ही स्वस्त वाटते. तिचे बिल वीस वर्षांनी येते आणि ते दुसऱ्यांनाही भरावे लागते.

दुसरी वाट नाही का? आहे, आणि ती येथून फार लांब नाही. जमनालाल बजाज हे वर्ध्याच्या बच्छराजशेठांचे दत्तक नातू. सतराव्या वर्षी आजोबांनी संपत्तीवरून टोचून बोलताच त्यांनी त्या संपत्तीवर पाणी सोडल्याचे लिहून दिले आणि घर सोडले. आजोबांनी समजूत घालून परत आणले. पण पैशाला आपणही 'नाही' म्हणू शकतो हे तो मुलगा जन्मभर विसरला नाही. त्यांचे नातू राहुल बजाज हार्वर्डहून शिकून आले आणि आकुर्डीला कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीत बिऱ्हाड करून वर्षानुवर्षे राहिले. त्यांचे चिरंजीव राजीव आकुर्डीच्याच शाळेत शिकले, मग पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले. शेजारच्या बाकावरचा मुलगा तुमच्या बापाचा पगार खात असो वा नसो, गणितात तो पुढे गेला तर गेला! ही शाळा विकत मिळत नाही.

म्हणून संप होत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. २०१३ साली चाकणला त्याच कंपनीत सुमारे पन्नास दिवस संप चालला. कामगारांनी सवलतीच्या भावात समभागही मागितले. व्यवस्थापनाने ते नाकारले. मतभेद होणारच, ते व्हावेतही. प्रश्न असतो तो 'नाही' ऐकल्यावर माणूस टेबलाशी बसून राहतो की उठून जातो, हा.

तुम्ही म्हणाल, बजाज-किर्लोस्कर कोठे आणि आम्ही कोठे! पण सभोवार पाहा. ज्यांच्या आजोबांनी पवनेच्या काठी शेती केली, त्यांच्या जागेवर आज इमारती आहेत आणि भाडे येते आहे. कालचा फिटर आज भोसरीत दहा माणसांना काम देतो आहे. मालकाचा मुलगा आता आपल्याच आळीत वाढतो आहे. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

मुलाला वर्षभर कारखान्यात फोरमनच्या हाताखाली ठेवा. आणि उशिरा आला तर मस्टरवर लाल शेरा मारण्याची मुभा फोरमनला द्या. ती मुभा नसेल तर ते वर्ष म्हणजे सहल होय. कराराच्या बैठकीत त्याला कोपऱ्यात बसवा. बोलू नका म्हणावे, ऐका. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युईटी हे नफ्यातले दान नव्हे, ते देणे आहे, हे हिशेबाच्या वहीत बोट ठेवून दाखवा. मुलीला विसरू नका. २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे. हक्क दिला आणि काम शिकविले नाही, तर अर्धेच दिले. आणि उद्या मुलगा किंवा मुलगी म्हणाली की मला हा धंदा करायचा नाही, तर तेही ऐका. ज्या घरात मुलाच्या 'नाही'ला जागा नाही, तेथे तो दुसऱ्याचे 'नाही' ऐकायला कोठून शिकेल?

आणि कामगार बंधूंनो, आपल्यासाठी एकच सांगणे. उद्या खंडेनवमीला मालकाच्या पोराची दांडी उडाली, तर पंचाने बोट वर करावे. पोर रडेल. रडू द्यावे. दुसऱ्या डावात त्याला पुन्हा बॅट द्यावी आणि चेंडू नीट कसा खेळावा ते दाखवावे. त्यात त्याचे कल्याण आहे, आणि आपलेही.