जून महिना व नववीचा मुलगा



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी एका दुःखाचा उल्लेख करतो, त्याची क्षमा असावी. आपल्या रेवदंडा-कोरलईच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आणि शाळा उघडते तीही जूनमध्येच. मासळीवर पोट असलेल्या घरात ज्या वेळी पैसा येत नाही, त्याच वेळी वह्या, गणवेश व फी ह्यांची निकड पडते. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत केले. नववीचा भार मात्र बापावर येतो. ग्रामीण मुलींस एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो, व ते योग्यच आहे. मुलग्याच्या पासास, सवलत असली तरी, पैसे पडतात. मग "एक हंगाम होडीवर जाऊ दे" असे ठरते, व पुष्कळदा तो मुलगा वर्गात परतत नाही. बापास दोष देऊ नये. तो निर्दय नसतो, निरुपाय असतो.

संत पेत्रही जाळे टाकणाराच होता. होडी हीन नव्हे. परंतु ती मुलाने निवडावी, दारिद्र्याने नव्हे. म्हणून माझी विनंती: नारळी पौर्णिमेनंतर हाती पैसा येऊ लागला की प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति काही बाजूस ठेवावे, व जूनमध्ये ते नववीत जाणाऱ्या गरजू मुलांस द्यावे. आपल्या ज्युबिलीचे खरे स्मारक तेच होईल. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.