अंगावरचा अधिकार

(रायपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



राणीचं चित्र पाहताना आपण आधी चेहरा पाहतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी काठपदर पाहा, मग गळा, मग हात. चेहरा शेवटी. चित्रकार राजा रविवर्म्याने बडोद्याच्या सयाजीरावांची राणी, पहिल्या चिमणाबाई यांना रंगवलं. 

त्या चित्रात अंगावर एवढे दागिने कशासाठी? नुसत्या हौसेसाठी? मुळीच नाही! बडोद्याचे आधीचे राजे मल्हारराव पदच्युत झालेले. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी गादीसाठी दत्तक घेतलेले सयाजीराव कवळाण्याच्या शेतकरी घरातले. चिमणाबाई तंजावरच्या, आणि तंजावर १८५५ मध्येच खालसा झालेलं. अशा वेळी राणीच्या गळ्यातले मोती बजावतात, गादी शाबूत आहे.

हॉलंडातही हेच. आमालिया फान सोल्म्स बोहेमियाच्या परागंदा राणीची सखी म्हणून हेगला आली. १६२५ मध्ये ऑरेंजचा राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिकशी लग्न झालं, आणि मग चित्रकार होंटहॉर्स्टने तिला मोत्यांनी मढवून पुन्हा पुन्हा रंगवलं. मान नवा असला की चित्रकाराला काम फार! (हशा)

पण रायपुरात उभं राहून बडोद्याचंच बोललो, तर नागपूरकर भोसले रागावतील. (हशा) हा मुलूख त्यांचा. रतनपुरात बिंबाजी, त्यांच्यामागे आनंदीबाई. १८५३ मध्ये तिसरे रघोजी गेले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा. हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले. जवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला. सामान हलवलंत तर वाडा पेटवीन, असं एका वृद्ध राणीने बजावल्याची नोंद के या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. त्या बाईला नेमकं कळलं होतं. जवाहिराबरोबर राणी म्हणून चारचौघांत दिसण्याचा हक्कही चालला होता. नागपूरच्या राणी बांकाबाई डोळ्यांसमोर आणा म्हटलं, तर तुमच्यापैकी कितीजणांना एखादं चित्र आठवतं? चिमणाबाई आठवतात. हा फरक त्या लिलावाने केला, असं मी मानतो.

समोर काहीजण मान हलवताहेत. ‘दागिन्यांनी बाई मोठी होते का?’ नाही होत. मी मोठेपणाबद्दल बोलत नाही, अधिकाराबद्दल बोलतोय. पुरावा हवा? १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, दागिन्यांविना बादशहासमोर गेले आणि केवढा गहजब झाला! ते न घातलेले दागिनेही इंग्रजांनी वाचले. मग घातलेले आपण का वाचू नयेत?

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. सयाजीरावांच्या पुढच्या राणी, दुसऱ्या चिमणाबाई राहिल्याच! पडदा सोडून १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या बाईंना पाच मिनिटांत बसवणं अन्याय होईल. म्हणून एकच विनंती. घरी आजी-पणजीचा फोटो असेल, तर मागे नाव, साल लिहा. लुगडं कुठलं, नथ स्वतःची की मागून आणलेली, तेही लिहा. सांगणारी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या. राण्यांचा इतिहास दरबारी लिहिला गेला, या बायकांचा आपल्यालाच लिहायचा आहे.