गावाचा जमाखर्च मांडू या

(हरमल येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामानबदलाचा विषय निघाला की "तो मोठ्या शहरांचा प्रश्न" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हरमल आता केवळ गाव राहिलेले नाही. हंगामात गेस्ट हाऊस, भाड्याच्या दुचाक्या, पाण्याचे टँकर आणि कचऱ्याचे ढीग पाहिले की शहराचे सगळे प्रश्न आपल्या दारात आलेले दिसतात. शहराचे नियोजन तेवढे आलेले नाही. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. आता तर हे नियोजन लांबणीवर टाकून चालणार नाही.

शहरे हे काम कसे करतात? मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यांनी आधी हिशेब मांडला. 2019 साली मुंबईतून सुमारे 2 कोटी 34 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत गेले. त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा विजेचा व इतर ऊर्जेचा, सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा निघाला. हिशेब हाती आल्यावरच 2050 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले.

हा हिशेब आपल्यालाही जमेल. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि देशातील बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर महिन्याला हजार युनिटे वापरणाऱ्या गेस्ट हाऊसचे खाते सातशे किलोंचे होते. जनरेटरमधले एक लिटर डिझेल जळले की आणखी सुमारे 2.7 किलोंची भर पडते. बिले आपल्या कपाटातच आहेत. बेरीज मात्र कोणी केलेली नाही.

दुसरी बाजू बचावाची. मे 2021 च्या तौक्ते वादळात झाडे व विजेचे खांब कोसळून गोव्यातील कितीतरी गावे अंधारात राहिली. शेजारच्या केरीला समुद्राने किनारा खाल्ला आणि सुरूची झाडे उन्मळून पडली, हे आपण पाहिले आहे. अशा वेळी गावाची पहिली भिंत म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारी मर्यादवेल. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे. कायदा आहे, पण टेकडी सपाट करणारे यंत्र कोणाच्या तरी भाटातूनच आत जाते ना?

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. जमिनी आपल्या जुन्या घराण्यांच्या होत्या, करारांवर सह्या आपण केल्या आणि भाडेही आपणच घेतले. त्या पैशांवर मुले शिकली, घरे उभी राहिली. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण विहीर खारट झाली तर ते पैसे तिला गोड करणार नाहीत.

लोकांनी मनावर घेतले तर आराखडे बदलतात. गोव्याचा प्रादेशिक आराखडा 2011 जनआंदोलनामुळे 2007 च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. मात्र विरोधासाठी आपण जसे एकत्र येतो, तसे नियोजनासाठी येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी येत्या ग्रामसभेत आपण तीन ठराव मांडावेत.

पहिला, वीज, डिझेल, पाणी आणि कचरा यांचा वार्षिक जमाखर्च पंचायतीने फलकावर लावावा. दुसरा, वाळूच्या टेकड्या, ओहोळ आणि विहिरी यांचा वाडावार नकाशा करावा आणि तो पाहिल्याशिवाय कोणत्याही बांधकामाला ना हरकत दाखला देऊ नये. तिसरा, व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणावेळी सौर पाणीतापक, सांडपाण्याची सोय आणि ओल्या कचऱ्याचे खत या गोष्टी तपासाव्यात. घरगुती छतांवरील सौर विजेसाठी केंद्राच्या 2024 च्या योजनेत 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्याचा लाभ आपल्या घरांनी आधी घ्यावा.

ठरावाआधी एक काम आपल्याच हातचे आहे. ज्यांच्या भाटात अजून टेकडी शिल्लक आहे, त्यांनी ती विकणार नाही आणि सपाट होऊ देणार नाही, असा शब्द आज येथे एकमेकांना द्यावा. पूर्वजांनी आपल्या हाती गाव दिले. आपण मुलांच्या हाती नुसती खरेदीखते देऊ नयेत.