बागेची जुनी पुस्तके आणि आपले परसू

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातले. विषय कोणता घेऊ, असे विचारले तर म्हणाल्या, "तुम्हांला झाडांचा नाद. झाडांवरच बोला." पण कुंडीत माती कशी भरावी आणि मोगरा कधी छाटावा, हे या सभेत कोणी कोणाला सांगायचे? तुमच्यापैकी निम्म्याजणी मलाच शिकवतील. म्हणून मी आज बागेविषयीच्या जुन्या पुस्तकांबद्दल बोलायचे ठरवले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संस्कृत, पोर्तुगीज, लॅटिन यांतले मला काही येत नाही. तेव्हा ही पुस्तके मी वाचली असे म्हणणार नाही, ऐकली असे म्हणेन. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी संस्कृताचा अर्थ सांगितला. मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, तिने वाचनालयातून इंग्रजी भाषांतरे आणून दुपारच्या वेळी मला मराठीत सांगितली. मी तांदूळ निवडत ऐकत होते. ऐकता ऐकता जे मनात राहिले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिले पुस्तक आपल्या देशातले, सहाव्या शतकातले. उज्जयिनीकडचे वराहमिहिर हे मोठे ज्योतिषी. त्यांच्या 'बृहत्संहिता' ग्रंथात ग्रहताऱ्यांपासून घरबांधणीपर्यंत सगळे आहे, आणि त्यातच 'वृक्षायुर्वेद' नावाचा एक लहानसा अध्याय आहे. मला वाटले होते, की ज्योतिषाच्या ग्रंथात मुहूर्तच असतील. मुहूर्त आहेतच, पण कामाच्या गोष्टीही आहेत. लावलेल्या झाडाला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे, थंडीत एक दिवसाआड घालावे आणि पावसाळ्यात जमीन वाळली तरच घालावे. इतके साधे, आणि दीड हजार वर्षांपूर्वीचे! आमच्याकडे श्रावणात सुद्धा भरल्या कुंडीत रोज तांब्या ओतणारी माणसे आहेत. त्यांना हे वाचून दाखवावे, म्हणजे बिचारी झाडे सुटतील.

झाडांतल्या अंतराविषयीही त्यात लिहिले आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, आणि बारा हातांपेक्षा कमी नको. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे दीड फूट. म्हणजे तीस फूट अंतर चांगले आणि निदान अठरा तरी हवे. कारणही दिले आहे. झाडे जवळजवळ असली, की वर फांद्या एकमेकींत शिरतात, खाली मुळे मुळांत अडकतात, आणि मग कोणतेच धड फळत नाही. एका खोलीत दोन चुली मांडल्यावर काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

झाड आजारी पडते, अशीही त्यांची समजूत होती. पाने पांढुरकी पडली, कोंब वाढेना, फांदी वाळू लागली, चीक गळू लागला, ही आजाराची लक्षणे. उपाय असा, की आधी बिघडलेला भाग शस्त्राने काढून टाकावा, मग त्या जागी वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूधपाणी शिंपडावे. खताची कृतीही दिली आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातू आणि मांस पाण्यात घालून सात रात्री ठेवायचे आणि ते झाडाला घालायचे. शाकाहारी भगिनींनी नाक मुरडू नये. आमच्या कोकणात मासे धुतलेले पाणी नारळाच्या आळ्यात जाते आणि तुमच्याकडे आंबट ताक कढीपत्त्याला जाते. वाया जाणारे कुजवून झाडाला द्यायचे, हे शहाणपण दोन्हींकडे एकच.

याच विषयावर पुढे सुरपाल नावाच्या पंडिताने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होते. ते मिळवून, नलिनी साधले या संस्कृतच्या विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९९६ साली ते सिकंदराबादेस छापले गेले. इतके जुने ज्ञान आपल्यापर्यंत पोचवणारी एक स्त्री आहे, याचा मला अभिमान वाटला.

दुसरे पुस्तक गोव्यात छापले गेले, १५६३ साली. लिहिणारे गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य. ते १५३४ साली इकडे आले ते कायमचे. आपल्या देशातली औषधे, मसाले, फळे यांविषयी त्यांनी संवादाच्या रूपाने लिहिले. एक माणूस प्रश्न विचारतो आणि वैद्यबुवा उत्तर देतात. मुंबई बेट त्यांच्याकडे पट्ट्याने होते आणि तिथे त्यांची बाग होती. त्या बेटावरचे आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, असे ते कौतुकाने सांगतात. आज जिथे पाऊल ठेवायला जागा नाही, त्या मुंबईत तेव्हा दुबार आंबा होता!

या पुस्तकात मला सर्वांत आवडली ती अंतोनिया. ही त्यांच्या घरची दासी. दोघे पंडित गप्पा मारत बसतात, आणि झाड किंवा फळ दाखवायचे झाले, की तिला हाक मारतात. ती जाऊन नेमके तेच घेऊन येते. तिला कोणी विद्वान म्हटलेले नाही. पण विचार करा, कोणते झाड बागेत कुठे आहे हे तिला ठाऊक नसते, तर संवाद तिथेच अडला असता. साडेचारशे वर्षे उलटली तरी तिचे नाव पुस्तकात आहे, कारण कोणीतरी ते लिहिले.

त्या वैद्यांची अखेर मात्र वाईट झाली. ते मूळचे ज्यू घराण्यातले. १५६८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० साली खुद्द त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. माणूस जाळता येतो, अस्थीही जाळता येतात. पण पुस्तक तोवर युरोपात पोचले होते आणि त्याचे लॅटिनमध्ये सार निघाले होते. ते मात्र जाळता आले नाही.

तिसरे पुस्तक सर्वांत मोठे. त्याचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड निघाले. कोचीनला डच लोकांचा अंमल होता, त्यांचे अधिकारी व्हॅन ऱ्हेडे यांनी ते करवून घेतले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि मोठमोठी चित्रे त्यात आहेत. पहिला मान नारळाला दिला आहे. हे ऐकून मी कोकणातली म्हणून मनात म्हटले, माणसाला अक्कल होती.

पण ही माहिती त्या साहेबाला कोणी दिली? इट्टी अच्युतन नावाचे एक मलयाळी वैद्य होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या औषधी झाडांची वही चालत आली होती. शिवाय रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. माणसे रानातून झाडे आणीत, चित्रकार चित्र काढीत आणि वैद्य गुण सांगत. मग मल्याळममधून पोर्तुगीज, पोर्तुगीजमधून डच आणि डचमधून लॅटिन, असा त्या माहितीचा प्रवास होई. या सर्वांची साक्षपत्रे पहिल्या खंडात ज्याच्या त्याच्या लिपीत छापली आहेत. कोकणी पंडितांचे साक्षपत्र १६७५ सालचे आहे आणि ते नागरी अक्षरांत आहे. माझ्या मुलीने ते चित्र दाखवले, तेव्हा परक्या देशात छापलेल्या पुस्तकात आपली अक्षरे पाहून मला गहिवरून आले.

पुढे लिनियस या स्वीडनच्या पंडिताने झाडांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा या पुस्तकाचा त्याला मोठा आधार झाला. आपण खातो तो चिकू मूळचा अमेरिकेचा. पण त्याचे शास्त्रीय नाव 'मॅनिलकारा' असे सुरू होते, आणि तो शब्द या ग्रंथातल्या मल्याळम नावावरून आलेला आहे. परक्या झाडाला आपल्याकडचे आडनाव लागले, सासरी आल्यासारखे.

हे पुस्तक लॅटिनमध्ये असल्याने तीनशे वर्षे ज्यांचे होते त्यांनाच ते वाचता येत नव्हते. केरळचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून ते उलगडले. २००३ साली इंग्रजी आणि २००८ साली मल्याळम आवृत्ती निघाली. म्हणजे इट्टी अच्युतनांचे बोल त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या भाषेत परत आले.

आपल्या मराठीतही या वाटेने जाणाऱ्या स्त्रिया आहेत. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाडांची आणि हवेची पालटणारी रूपे त्यात आहेत. डॉ. शरदिनी डहाणूकरांचे 'फुलवा' आहे. ही दोन्ही वाचायला संस्कृत लागत नाही, की लॅटिन लागत नाही. सातवी पुरते.

भगिनींनो, आता मी हे सारे का सांगितले ते बोलते. येत्या मासिक सभेत आपल्या मंडळामागच्या परसूला फरशी घालायचा विषय आहे. ज्या भगिनींनी तो मांडला त्यांचे म्हणणे खोटे नाही. पावसाळ्यात चिखल होतो, वयस्क बायकांचा पाय घसरतो, आणि देखभाल कोणी करायची याचा पत्ता नसतो. पण त्या परसात पारिजातक आहे, अडुळसा आहे, गवती चहा आहे, शेवगा आहे. मंडळ काढणाऱ्या बायकांनी ती झाडे आपल्या घरच्या फांद्या आणून लावली. कुंपणाशी एक वेल आहे. ती कसली, हे आज आपल्यात कोणालाच सांगता येत नाही. लावणाऱ्या काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मोबाईलला विचारले तर तो दर खेपेला निराळे नाव सांगतो. मुलगी म्हणते, फूल येईपर्यंत नक्की काही म्हणता येणार नाही. फूल यायच्या आधी फरशी पडली, तर ते कोडे फरशीखालीच राहील.

काकूंना सारे ठाऊक होते. त्यांना विचारायला आपण रोज जात होतो. लिहून घ्यायला कोणी गेले नाही. इट्टी अच्युतनांच्या घरी वही होती, म्हणून त्यांचे ज्ञान उरले. अंतोनियाचे नाव कोणी लिहिले, म्हणून ती उरली. आपल्याकडे अजून सत्तरी-पंचाहत्तरीच्या पाच-सहाजणी आहेत. त्यांच्या डोक्यात एक-एक हॉर्टस मलबारिकस आहे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली ही, की परसात दारापासून नळापर्यंत चालण्यापुरती फरशीची पट्टी घालावी आणि बाकीची माती मोकळी ठेवावी. पाय घसरणार नाहीत आणि झाडेही राहतील. देखभालीसाठी दर आठवड्याला दोघींची पाळी लावावी. पहिल्या पाळीला माझे नाव लिहा. दुसरी सूचना खर्चाची नाही. दर वर्धापनदिनाला आपण सभासदांना स्टीलचा डबा देतो. माझ्याकडे तसे सात डबे आहेत. पुढच्या वर्षी डब्याऐवजी एक वही निघू द्या. प्रत्येकीने एकाच झाडाविषयी एक पान लिहायचे. झाडाचे नाव, ते कुठून आणले, केव्हा लावले, पाणी किती, उपयोग काय, आणि शेवटी ही माहिती कोणी सांगितली तिचे नाव. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये.

पहिले पान त्या वेलीसाठी कोरे सोडू. त्यावर काकूंचे नाव आजच लिहून ठेवू आणि खालची जागा फूल येईल तेव्हा भरू.

मासिक सभेला सर्वांनी अवश्य यावे, आणि येताना एकदा मागच्या दाराने, परसातून यावे, एवढे सांगून मी माझे भाषण पुरे करते.