रांचीच्या शाळेतील हॉकी



“खेळून काय पोट भरणार?” हा प्रश्न आपल्या घराघरांतून ऐकू येतो. त्यावर वाद न घालता मी एका मुलाची हकीकत सांगतो.

रांची भागातील टकरा गावी 1903 साली एका मुंडा आदिवासी घरात जयपाल सिंग जन्मला. गुरे राखणारा पोर. रांचीच्या ख्रिस्ती मिशनच्या सेंट पॉल्स शाळेत तो शिकला आणि तेथेच त्याच्या हाती हॉकी आली. मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांनी पुढे त्याला इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डला पदवी आणि हॉकी दोन्ही साधली. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे ते कप्तान होते. त्यांच्या हाताखाली ध्यानचंद, फिरोज खान, शौकत अली असे खेळाडू! 29 गोल केले, एकही खाल्ला नाही. (अंतिम सामन्यात जयपाल सिंग स्वतः खेळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.) पुढे संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी ते बोलले.

मिशनला आपला धर्म पसरवायचा होता, हे उघड आहे. ते त्यांच्यापाशी. गरिबाच्या पोराला पुस्तक आणि मैदान एकाच आवारात मिळाले, एवढे आपण घेऊ.

शाळेमागील मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे काढावेत, अशी सूचना आली आहे. भाडे येईल, खरे. मी ती जागा मोजली. हॉकी तेथे मावणार नाही. व्हॉलीबॉलला 18 मीटर बाय 9 मीटर लागते, तेवढी आहे. मत देण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी तेथे येऊन मुले पाहावीत, ही विनंती.