जिन्यातला स्विच

झाशीत ज्येष्ठाच्या उन्हात पारा ४५ अंशांवर चढतो. सदनिकांच्या इमारतीत प्रकाशतंतूने आलेले इंटरनेट बिऱ्हाडांना वाटून देणारा स्विच मात्र जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत कोंडलेला असतो. आणि कचेरीसाठी घडविलेला स्विच पुष्कळदा ४० अंशांपर्यंतच चालण्याची हमी देतो. म्हणून दुकानदार पोर्टांची संख्या सांगू लागला, की आपण आधी तापमान विचारावे. एका बिऱ्हाडाचा व्यवहार शेजारच्या पोर्टवर उमटू नये, ही सोयही हवीच. तिथून घरापर्यंतची तांब्याची तार १०० मीटरांच्या आत राहावी. पण वीज गेली, की सारी इमारत मुकी! मला विचाराल, तर जिन्यात विजेवाचून चालणारा स्प्लिटर बसवून तंतूच घरात न्यावा. घरातील यंत्राला वीज लागतेच. परंतु ती ज्याच्या त्याच्या इन्व्हर्टरवर भागते.