अतिवृष्टीच्या गावी तहान
(मंडळाच्या शंकासमाधान कार्यक्रमातील भाषण)



शंकासमाधानाचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, आणि पहिलाच प्रश्न आला तो पावसाचा. जगात सर्वांत अधिक पाऊस कोठे पडतो, हे मुलांना ठाऊकच होते. मेघालयातील मौसिनराम येथे वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शेजारच्या चेरापुंजीत, म्हणजे तेथील लोकांच्या सोहरात, ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सुमारे २६,४६० मिलिमीटर पाऊस झाला. तेवढे पाणी साचून राहते, तर आठमजली इमारत बुडाली असती!

'पण तेथेच एवढा का?' असे एका चिमुकलीने विचारले. बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन निघालेले मोसमी वारे बांगलादेशाचा सपाट प्रदेश ओलांडून खासी टेकड्यांच्या उभ्या कड्यांवर आदळतात. निमुळत्या दऱ्यांत कोंडले जाऊन ते एकदम हजारभर मीटर वर चढतात, थंडावतात आणि बाष्पाचे पाणी होते. कडा ओलांडताच जोर ओसरतो. उत्तरेकडील शिलाँगला पाऊस पुष्कळच कमी. आपल्या सह्याद्रीतही हेच घडते: महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक, तर पूर्वेकडे पायथ्याच्या वाईला हजाराच्याही आत. खासी शेतकऱ्याचे बांबू व पानांचे 'क्नुप' पाहून आपणांस कोकणातले इरलेच आठवेल.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा होता: 'मग त्याच चेरापुंजीत हिवाळ्यात पाण्यासाठी पायपीट का?' पाऊस बहुतेक सारा चार-पाच महिन्यांत पडून जातो. जंगल तुटले, माती धुपली. खाली भेगाळ चुनखडक. पाणी उतारावरून सिल्हेटच्या सखल भागात निघून जाते. उलट राजस्थानच्या वाळवंटातील कुटुंबे जेमतेम पडलेला पाऊस टांक्यात साठवून महिनोन् महिने पुरवीत आली आहेत.

तेव्हा किती पडला, एवढे सांगून आपण मोठ्यांनी थांबू नये. किती राहिला, हेही मुलांसमवेत पाहावे. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. येत्या पावसाळ्यात मुलांनी सरळ बाजूंच्या बरणीत रोजचा पाऊस मोजावा, आपल्या गच्चीचा हिशेब मांडावा, आणि ते पाणी कोठे गेले, हे आम्हांला विचारावे. उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत.